तुम्ही विचारलंत म्हणून: न चाललेल्या नाण्याचं मोल

चिनी नाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: जे नाणं बाजारात धड चाललंच नाही, त्यासाठी एवढा जीव का टाकायचा?

चलनातलं नाणं नुसता निकाल सांगतं. नमुना नाण्यात, म्हणजे चलनात आणण्याआधी चाचणीसाठी पाडलेल्या नाण्यात, त्याआधीची घासाघीस दिसते, म्हणून. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताचंच घ्या. चिनी बंदरांतला व्यापार तेव्हा मेक्सिकोच्या चांदीच्या डॉलरवर चालायचा. सुभेदार चांग चीतुंग यांना ते सलत होतं. 1887 मध्ये त्यांनी दरबाराकडे टाकसाळीची परवानगी मागितली, बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून यंत्रं आणली आणि 1889 मध्ये प्रांताच्या राजधानीत, कँटनला, नाणी पडू लागली.

पहिल्या डॉलरवर वजन कोरलं होतं 7 मेस 3 कँडरीन (ही चिनी वजनं; 10 कँडरीनचा एक मेस), साधारण 27.2 ग्रॅम. मेक्सिकन डॉलर 7 मेस 2 कँडरीनचा धरत. हिशेब सरळ होता: चांदी किंचित जास्त दिली की लोक आपलंच नाणं उचलतील. पण जड नाणं हातचं कोण सोडतो? ते गाठीला राहतं, नाहीतर मुशीत जातं. शेवटी वजन 7 मेस 2 वर आणलं. म्हणून 7 मेस 3 ची नाणी आज इतकी दुर्मिळ.

त्या पहिल्या नाण्याला भिंग लावा. मधोमध ‘ग्वांगश्यू युआनबाओ’ ही चार चिनी अक्षरं, त्यांच्यामध्ये इवलीशी मांचू, म्हणजे राजघराण्याच्या भाषेतली, अक्षरं, आणि भोवती सगळं इंग्रजी. बादशहाच्या कारकिर्दीच्या नावाला परक्या लिपीचं कडं! पुढच्या छापांत इंग्रजी मजकूर मागे, ड्रॅगनभोवती गेला आणि तिथला चिनी मजकूर दर्शनी बाजूच्या कडेला आला. ही अदलाबदल मला वजनाच्या हिशेबापेक्षाही बोलकी वाटते.

शेन्सी प्रांताचे 1898 चे नमुने तर बर्मिंगहॅमलाच पडले. शेन्सीची टाकसाळ कधी सुरूच झाली नाही.

या चढाओढीत आपली मुंबईही होती. 1895 पासून मुंबईच्या टाकसाळीत पूर्वेकडच्या व्यापारासाठी ब्रिटिश डॉलर पडत होते, वजन 26.95 ग्रॅम, मागच्या बाजूला चिनी अक्षरं. नाण्यावरच्या ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या, त्रिशूळाच्या मधल्या टोकावर बारीक ‘बी’ दिसला, की नाणं मुंबईचं. ग्वांगडाँगच्या नमुन्यांच्या नकला बाजारात ढिगाने आहेत, म्हणून नवख्यांना मी आधी हा मुंबईचा डॉलरच हाताळायला सांगतो.