दुसऱ्या हप्त्याची वाट

मुळा-मुठेच्या गाळातील जड धातूंच्या अभ्यासासाठी केंद्र शासनाच्या एका विभागाने ऑक्टोबर २०२१ मध्ये माझ्या तीन वर्षांच्या प्रकल्पाला अनुदान मंजूर केले. पुण्यातील आमच्या महाविद्यालयात असा प्रकल्प पूर्वी कोणी हाताळलेला नव्हता. मंजुरीपत्राच्या अटी मी वाचल्या होत्या, पण त्यांचा खरा अर्थ दुसरा हप्ता अडला तेव्हाच कळला.

पहिला हप्ता डिसेंबरमध्ये आला आणि अटीप्रमाणे स्वतंत्र बचत खात्यात ठेवला. मार्च २०२२ मध्ये वित्त मंत्रालयाने केंद्रीय योजनांचा निधी देण्याची पद्धत बदलली. त्यानुसार संस्थेने नेमून दिलेल्या बँकेत शून्य शिल्लक खाते उघडायचे, त्यावर खर्चाची मर्यादा मिळणार आणि प्रत्यक्ष देणे चुकवताना पैसा मध्यवर्ती खात्यातून निघणार. सरकार कर्ज काढून खर्च भागवत असताना दिलेले अनुदान देशभरच्या खात्यांत पडून राहू नये, हा त्यामागचा विचार मला आजही योग्य वाटतो. मात्र जुन्या खात्यातील शिल्लक परत करणे, नियामक मंडळाचा ठराव, पीएफएमएस या केंद्राच्या निधीवर देखरेख ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवरील नोंदणी, देयक तयार करणारा आणि ते मंजूर करणारा अशा दोन स्वतंत्र व्यक्तींची नेमणूक, यांत जुलै संपला.

त्यानंतर पाठवलेले उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, ऑक्टोबरमध्ये त्रुटी दाखवून परत आले. बचत खात्यावर मिळालेले ८,६४० रुपये व्याज आम्ही उपलब्ध निधीत मिळवले होते आणि पुढच्या हप्त्यातून तेवढी रक्कम वजा करावी, असे लिहिले होते. आमच्या लेखापालांना वर्षानुवर्षे हीच पद्धत ठाऊक होती. परंतु सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २३० (८) नुसार अनुदानावरील व्याज लेखे अंतिम होताच भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्र सरकारच्या तिजोरीत, भरावे लागते आणि ते पुढील हप्त्यात समायोजित करता येत नाही. या प्रमाणपत्राच्या नमुना १२-अ मध्ये मिळालेले व्याज आणि परत भरलेले व्याज यांचे रकाने वेगळे का आहेत, हे तेव्हा उमगले. भारतकोश या सरकारी भरणा संकेतस्थळावरून रक्कम भरली, पावती जोडली, सनदी लेखापालांकडून नवे प्रमाणपत्र घेतले आणि प्राचार्यांच्या सहीने ते पुन्हा रवाना केले. एवढे काम चार दिवसांत झाले, पण दुसरा हप्ता यायला फेब्रुवारी २०२३ उजाडला.

चूक आमची होती आणि व्याजाचा नियमही न्याय्य आहे. तरीही त्या सहा महिन्यांचा भार ज्या व्यक्तीवर पडला, तिचा त्या व्याजाशी काहीही संबंध नव्हता. माझ्या प्रकल्पातील कनिष्ठ संशोधन अधिछात्र (अनुदानातून दरमहा वृत्ती मिळणारी संशोधक) नांदेडहून आलेली, कर्वेनगरला खोली घेऊन राहणारी मुलगी होती. ऑगस्टपासून तिला एक रुपयाही मिळाला नाही, आणि तरी दर पंधरवड्याला ती बंडगार्डनजवळ गाळाचे नमुने घ्यायला माझ्याबरोबर येत होती. “मॅडम, डिसेंबरपर्यंत घरून मागवते, पुढचं बघू,” असे तिने सांगितले, तेव्हा मी प्राचार्यांकडे गेले आणि त्यांनी मोठ्या खटपटीने महाविद्यालयाच्या निधीतून दोन महिन्यांची उचल मिळवून दिली. उपकरणाची खरेदी वर्षभर लांबली तरी काम कसेबसे निभावते. घरभाडे लांबत नाही. म्हणून मनुष्यबळाच्या शीर्षाखालील रक्कम उर्वरित हप्त्यापासून वेगळी काढावी आणि हिशेबातील त्रुटी दुरुस्त होईपर्यंत निदान अधिछात्रवृत्ती चालू ठेवावी, असे मी विभागाला सविस्तर लिहिले. त्या पत्राला उत्तर आले नाही.

जून २०२३ च्या आदेशाने कनिष्ठ अधिछात्रवृत्ती दरमहा ३१,००० वरून ३७,००० रुपये झाली आणि ती १ जानेवारीपासून लागू केली गेली. आमचे मंजुरीपत्र मात्र जुन्याच दराचे होते, त्यामुळे दरमहा ६,००० रुपये आणि त्यावरील घरभाडे भत्त्याच्या फरकासाठी स्वतंत्र मागणी करावी लागली. या खेपेस व्याजाचा प्रश्नच नव्हता, कारण शून्य शिल्लक खात्यावर व्याज मिळत नाही. प्रमाणपत्रही मी एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात तयार करून घेतले होते. फरकाची रक्कम प्रकल्पाच्या अंतिम हिशेबाच्या वेळी मंजूर झाली. ती मुलगी तोवर पुणे सोडून दुसऱ्या संस्थेत रुजू झाली होती. तिचा नवा खाते क्रमांक मागवून घेतला आणि त्याच दुपारी देयकावर सही केली.