आतलं पॅड

एअरबॅगचा दिवा विझत नाही, एवढी एकच तक्रार घेऊन काका आले होते. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त. फ्री सर्व्हिस संपल्यापासून ऑइल, फिल्टर, प्लग सगळं घरीच. मी चिंचवडला सर्व्हिस ॲडव्हायझर. असं गिऱ्हाईक आमच्या टार्गेटच्या काही कामाचं नसतं.

फ्लोअरवरच्या पोरानं नेहमीची यादी पाठवली: पुढचे ब्रेक पॅड, एसी फिल्टर, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, कूलंट. एस्टिमेट अकरा हजारांच्या वर. काकांनी चष्मा चढवून ते वाचलं आणि खिशातून वही काढली.

"एसी फिल्टर मागच्या महिन्यात मीच बदललाय. ग्लोव्ह बॉक्स उतरवला की हाताला लागतो, त्याचं कसलं लेबर लावता? आणि पॅड सात एमएम आहेत. चाक काढलं होतंत का?"

पोरगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. काढलं नव्हतं. किलोमीटर बघून पॅड लिहून टाकायची ही खोड मला कधीच पटलेली नाही, पण इन्सेंटिव्ह त्यावरच मिळतो.

गाडी लिफ्टवर घेऊन डावं चाक उतरवलं. काकांनी स्वतः वर्निअर लावला. सात! नवं पॅड साधारण दहा-अकरा एमएमचं असतं, तीनच्या आसपास आलं की बदलायचं. काका मिश्कील हसले. तेवढ्यात पोरानं कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून दाबणाऱ्या भागाच्या, मागून बॅटरी मारली.

"काका, आतलं बघा."

आतलं जेमतेम तीन.

कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागंपुढं सरकतो, त्यातली खालची जाम झाली होती. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून पाणी गेलेलं, पिन तांबूस गंजलेली. कॅलिपरमधला पिस्टन आधी आतलं पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबतो. बाहेरचं दाबलं जायला कॅलिपर सरकावा लागतो. तो सरकेना, त्यामुळे सगळा भार आतल्यावर. चाकाच्या जाळीतून दिसतं ते बाहेरचं, आणि काका इतके दिवस तेच मोजत होते. पोराचा अंदाज नशिबानं बरोबर निघाला खरा, पण पिनेकडे न बघता नुसते पॅड घातले असते तर नवंही तसंच खाल्लं गेलं असतं.

एअरबॅगचं मात्र झटक्यात झालं. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल होता. नीट बसवून स्कॅनरनं बिघाडाचा कोड पुसला. काकांनी तिकडे हातसुद्धा लावला नव्हता. "फुटणारी वस्तू आहे ती, शिकलेल्यानंच उघडावी," म्हणाले आणि त्याचे पैसे घासाघीस न करता दिले.

पिन तात्पुरती मोकळी करून दिली. पॅड, बूट आणि सिलिकॉन ग्रीस त्यांनी काउंटरवरून विकत घेतलं. जाता जाता पोराला म्हणाले, "साधं ग्रीस चोपडू नकोस हां तिथं, रबर फुगतं."

संध्याकाळी मॅनेजरनं जॉबकार्ड उलटसुलट केलं. "पॅड विकलेत, मग लेबर कुठंय?"

म्हटलं, "काकांच्या पार्किंगमध्ये."