क्लिफर्डसमोर आई

रत्नागिरीतल्या ज्या महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान शिकवते, तिथं मुलांचं एक चर्चामंडळ आहे. हजेरी नाही, गुण नाहीत. देव आहे का, माणूस मुळात स्वार्थी का, असले विषय मुलंच काढतात. वाचायला काय द्यायचं तेवढं मी बघते. नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात विषय निघाला श्रद्धेचा. इथल्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या बोटी निघायच्या तयारीत होत्या, म्हणून मी विल्यम क्लिफर्ड काढला.

क्लिफर्ड हा इंग्रज गणिती. श्रद्धेच्या नीतीवरच्या त्याच्या १८७७ सालच्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. त्यातून परदेशी वस्तीला निघालेली कुटुंबं जायची आहेत. मालकाला शंका येते, पण इतक्या सफरी झाल्या, देव सांभाळील, असं म्हणत तो ती दाबून टाकतो. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा दोषीच. पुरेशा पुराव्याविना विश्वास ठेवायचा त्याला हक्क नव्हता. १८७० साली क्लिफर्ड स्वतः सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता, हे कळल्यावर मुलं जास्तच लक्ष देऊन ऐकू लागली.

बोटवाल्यांच्या घरातला एकजण म्हणाला, "मॅडम, आमचे पप्पा नारळ वाहतात, पण आधी इंजिन खोलून बघतात." लगेच दुसरा, "आणि खलाशी? नेपाळहून आलेल्या पोराला ते इंजिन कोण दाखवतं?" यावर चांगलीच जुंपली. मला हेच हवं होतं.

मग एरवी गप्प असणारी एक मुलगी बोलली. "मॅडम, या क्लिफर्डसमोर माझ्या आईला उभं केलं तर?"

तिचे वडील वादळात बोटीसकट गेले. काहीच सापडलं नाही. आईनं ग्रामदेवतेला कौल लावला, उजवा कौल मिळाला. तेव्हापासून ते आहेत असंच ती धरून चाललीय. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळते. "काका विचारतात, पुरावा काय? पण पुढच्या वर्षी सात वर्षं होतील, मग कोर्ट मानेल की बाबा गेले. त्याला तरी पुरावा काय, मॅडम?"

इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला आठवत नाही. मी म्हटलं, ७ वर्षं ज्याची काही खबर नाही तो मेला असं कायदा धरून चालतो, कारण वारसांचे व्यवहार अडतात. माणूस परत आला तर ते गृहीत तिथंच संपतं. कोर्ट फक्त कसं वागायचं ते ठरवतं. मनानं काय मानायचं ते नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं १८९६ साली क्लिफर्डला दिलेलं उत्तरही सांगितलं: पुरावा जिथं निकाल देऊच शकत नाही आणि निवड टाळता येत नाही, तिथं मनाचा कौल घ्यायचा माणसाला हक्क आहे.

"पण त्या विश्वासापायी, वडील गेल्याबद्दल हिच्या घराला मिळायची मदत अडकलीय," खलाशांची बाजू घेणारा म्हणाला. "झळ हिलाच बसते ना?" बरोबर होतं त्याचं. ती सुट्टीत कंपनीत कोळंबी सोलायला जाते.

तरी मालक आणि ही बाई एका पंगतीत बसत नाहीत, असं मला ठामपणे वाटतं, आणि मी तसं बोलले. त्याला जहाज तपासता येत होतं. तपासलं असतं तर खर्च त्याचा होता, न तपासता जीव गेले दुसऱ्यांचे. हिनं कुठं जाऊन तपासायचं?

मुलगी बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होती. "मग बाबांबद्दल कोर्टात दावा मी लावते," ती म्हणाली. "आईनं काय मानायचं ते आईचं. तिचं मंगळसूत्र काढायला मात्र कुणी सांगायचं नाही."

उठताना तिनं विचारलं, पुढच्या बैठकीला आईला आणू का? मी म्हटलं, अगं, जरूर आण. क्लिफर्डला ती काय उत्तर देते, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय.