थोरलं की धाकटं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंग्लंडमध्ये, आमच्या डेव्हनला, येणारा प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. ग्रेटर हॉर्सशू आणि लेसर हॉर्सशू, दोन्ही वटवाघळांच्या नाकावर घोड्याची नाल. मग अंधारात ओळखतेस कशी? (लेसर म्हणजे किरणवालं नव्हे. म्हणून मी थोरलं आणि धाकटंच म्हणते.)

ओळखायचं कानांनी. दोघंही नाकातून ओरडतात, पण आपल्याला ऐकू येणार नाही अशा पट्टीत. डिटेक्टर, म्हणजे तो आवाज आपल्या कानांना ऐकू येईल असा करणारं यंत्र, ८२ किलोहर्ट्झवर ठेवल्यावर गुळण्या केल्यासारखा आवाज आला की थोरलं. ११० च्या आसपास आला की धाकटं.

एकदा मात्र दोघांना जवळून पाहिलं. इथे झोपलेल्या वटवाघळांना त्रास देणं गुन्हा आहे, म्हणून परवाना असलेल्या एका बाईंच्या मागोमाग जुन्या खाणीत शिरले होते. छताला सुकलेलं आलुबुखार लटकलंय असं वाटलं. ते धाकटं! पंखांत पार गुरफटलेलं, वजन जेमतेम दोन चमचे साखरेएवढं. थोरलं थोडं पुढे, छोट्या पेअरएवढं. त्याचं तोंड पंखांतून डोकावत होतं.

पण माझ्या लेखी खरा फरक पोटाचा. उजेड दोघांनाही नको, झाडांची कुंपणं तुटली की दोघांचीही वाट बंद. धाकट्याचं मात्र चिलटं, छोट्या पतंगांवर भागतं. थोरल्याला मोठा घास लागतो: आपल्या हुमणीच्या जातकुळीतले भुंगेरे, आणि शेणातले किडे. नुकती उडायला लागलेली पिल्लं तर उन्हाळा सरता सरता या शेणकिड्यांवरच पोसतात. आता गाईंना जंतांसाठी आयव्हरमेक्टिन दिलं की ते शेणातून बाहेर पडतं आणि किड्यांच्या अळ्या त्यातच मरतात. शेण तसंच पडून, आत काही नाही. ब्रिटनमधली थोरली विसाव्या शतकात ९० टक्क्यांहून जास्त घटली असं मानतात; कुरणं नांगरली गेली, जुनी घरं-गोठे पडले, त्यात हे औषध.

त्यामुळे वटवाघळांच्या मोजणीच्या संध्याकाळी मी आधी पलीकडच्या शेतावर जाते आणि काठीने शेणाची पोवटी उलटून बघते. शेतकरीबुवा आता हसत नाहीत. औषध कधी दिलं ते स्वतःच सांगतात, आणि भोकं पडलेली पोवटी कुठे आहे तेही.