मे काकूंचे वय किती?

दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता, तेव्हा आम्ही दोघांनी २००२ सालचा ‘स्पायडर-मॅन’ पुन्हा एकदा पाहायला घेतला. पुतण्या यंदा दहावीला आहे. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पीटर पार्कर, म्हणजे पुढचा स्पायडर-मॅन, शाळेच्या बसमागे धावत सुटतो, तेवढे पाहून तो म्हणाला, “काका, हा शाळेच्या नाही, ऑफिसच्या बसमागे धावत असणार.” स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून पाहणाऱ्या माझ्या पत्नीला पीटरपेक्षा त्याला वाढवणाऱ्या काकू, मे पार्कर खटकल्या. “एवढी म्हातारी बाई त्याची काकू कशी? सरळ आजी म्हणायचे की,” असे तिचे म्हणणे पडले. नात्याने पाहिले तर आमच्या घरात मी पीटरचे काका, अंकल बेन, आणि ती मे काकू. बेनचा पुढे खून होतो हे ठाऊक असल्याने मी ही तुलना फार ताणली नाही.

हे दोन्ही आक्षेप चाहत्यांच्या वर्तुळात गेली वीस-बावीस वर्षे घोळत आहेत. पहिला आक्षेप निव्वळ हिशोबाचा आहे. टोबी मॅग्वायर तो चित्रपट आला तेव्हा २६ वर्षांचा होता, अँड्र्यू गारफिल्ड २०१२ साली शाळकरी पीटर झाला तेव्हा २८ वर्षांचा, आणि टॉम हॉलंड २०१६ साली या भूमिकेत पहिल्यांदा दिसला तेव्हा १९ वर्षांचा. या हिशोबात हॉलंड सरळ जिंकतो आणि म्हणून तोच ‘खरा’ पीटर, असे एक मोठा गट मानतो. मला हा निकाल घाईचा वाटतो, कारण अभिनेत्याचा जन्मदाखला तपासून पात्राचे वय कळत नाही. त्या वयावर कथेचा कोणता भार टेकलेला आहे, हे पाहावे लागते.

मूळ कॉमिक्सकडे गेलो तर ‘शाळकरी पीटर हाच अस्सल पीटर’ हा दावाच डळमळीत होतो. ऑगस्ट १९६२ ही तारीख असलेल्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी त्याला जन्म दिला, तेव्हा तो पंधरा वर्षांच्या आसपासचा विद्यार्थी होता हे खरे, पण १९६५ साली, स्वतःच्या मालिकेच्या २८व्या अंकात, तो शाळेतून उत्तीर्ण झाला आणि आणखी तीन अंकांनी कॉलेजात दाखलही झाला. म्हणजे साठाहून अधिक वर्षांच्या छापील आयुष्यातली जेमतेम तीन वर्षे तो शाळेत होता. त्यानंतर मात्र त्याचे वय बैलगाडीच्या वेगाने पुढे सरकत राहिले. १९८७ साली त्याचे प्रेयसी मेरी जेनशी लग्न झाले, आणि २००७ च्या अखेरीस संपादकांना तो फार प्रौढ वाटू लागल्यामुळे एका सैतानी सौद्यात ते लग्न झालेच नव्हते असे ठरवण्यात आले. तो सौदा पीटरने कशासाठी केला, तर मरणाच्या दारात असलेल्या मे काकूंचा जीव वाचवण्यासाठी. पीटर लहान राहावा म्हणून काकूंना गोळी खावी लागली, हे पाहिल्यावर कोणाचे वय कोणाच्या वयाशी बांधलेले आहे याचा विचार करणे भाग पडते.

पत्नीचा आक्षेप म्हणूनच मला अधिक मोलाचा वाटला. डिटकोने काढलेल्या मे काकू म्हणजे पांढऱ्याशुभ्र केसांचा अंबाडा, काटकुळी मान आणि वाऱ्याने पडतील अशी देहयष्टी. चित्रपटांत मे काकू झालेल्यांपैकी २००२ मध्ये रोझमेरी हॅरिस सत्तरी ओलांडलेल्या होत्या, २०१२ मध्ये सॅली फील्ड पासष्टीच्या घरात होत्या, आणि २०१६ मध्ये मरीसा टोमे पन्नाशी नुकतीच ओलांडून मे काकू झाल्या, तेव्हा मोठा गहजब झाला. पंधरा वर्षांच्या मुलाची काकू पन्नाशीची असणे हेच व्यवहाराला धरून आहे, असे समर्थक म्हणाले. आपल्याकडे या युक्तिवादाची गरजही भासू नये. माझे वडील आणि त्यांचे थोरले बंधू यांच्या वयात एकोणीस वर्षांचे अंतर होते, त्यामुळे माझी थोरली काकू माझ्या आठवणीत पहिल्यापासून नऊवारीतली, पिकल्या केसांचीच आहे. बेन हा पीटरच्या वडिलांचा थोरला भाऊ. भावंडांची रांग लांब असलेल्या घरात म्हातारी काकू अशक्य नाही आणि तरुण काकूही अशक्य नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. कॉमिक्समधल्या मे काकू म्हाताऱ्या आहेत त्या उगाच नाहीत. मालिकेच्या अगदी पहिल्या अंकात, घरखर्चासाठी आपले दागिने गहाण टाकताना पीटर त्यांना पाहतो, आणि पुढे वर्षानुवर्षे ‘हिला माझे गुपित कळले तर हिचे काळीज थांबेल’ ही भीती त्याच्या मानेवर बसलेली असते. १९६६ च्या आरंभीचा ३३वा अंक पाहावा. काकू इस्पितळात शेवटच्या घटका मोजत आहेत. त्यांच्या अंगातल्या दोषाचे मूळ पीटरने दिलेले रक्तच आहे. त्यांना वाचवू शकणारे औषध काही हातांवर जमिनीवर पडले आहे, आणि पीटर एका अवाढव्य यंत्राखाली चिरडून पडला आहे. वरून पाणी गळते आहे. डिटको घाई करीत नाही. आधी लहान चौकटी, वाकलेली पाठ, ताणलेले हात, मग चौकट मोठी होत जाते आणि अखेरीस पूर्ण पानभर तो यंत्र झुगारून उभा राहतो. त्या वेळी पीटर कॉलेजात आहे. बेन काकांना आपण गमावले, आता काकूंना गमावणार नाही, हा एकच विचार त्याला उचलतो.

२०१७ च्या ‘होमकमिंग’मध्ये हाच प्रसंग घेतला आहे. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्याखाली पीटर अडकला आहे, पाण्याच्या डबक्यात त्याला स्वतःचे अर्धे मुखवट्यातले, अर्धे उघडे प्रतिबिंब दिसते. पण इथे कोणाच्या औषधाचा प्रश्नच नाही. पंधरा वर्षांचे पोर आधी घाबरून मदतीसाठी हाका मारते, कोणीही येत नाही हे कळते, आणि मग स्वतःलाच स्पायडर-मॅन म्हणून बजावत ढिगारा उचलते. माझ्या मते हा त्या चित्रपटातला सर्वांत प्रामाणिक क्षण आहे, आणि तो हॉलंडच्या कोवळ्या चेहऱ्यामुळेच शक्य झाला. मॅग्वायरने तशा हाका मारल्या असत्या तर प्रेक्षक हसले असते. मात्र किंमत मोजली गेली ती अशी की, काकू धडधाकट झाल्यावर पीटरला कोणासाठी तरी उचलायचे उरले नाही, केवळ स्वतःला सिद्ध करायचे उरले. बेन काकांची जागा टोनी स्टार्कने, म्हणजे आयर्न मॅनने घेतली, ऋणाची जागा शाबासकीने घेतली. वय बदलल्याचा मला राग नाही. वयाबरोबर ऋणही निघून गेले, त्याची हळहळ आहे.

मराठी वाचकाला ही चुटपुट परकी नसावी. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे विद्याभवनात शिकणारा, फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. २०१७ च्या मराठी चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येणारा तरुण झाला आणि तिशीला टेकलेल्या अमेय वाघने तो रंगवला. कथा प्रवेशपरीक्षेतल्या गैरव्यवहाराची असल्याने ते वय तिला हवेच होते, आणि चित्रपट मला आवडलाही. तरी माझ्या फेणेच्या निम्म्या करामती ‘लहान आहेस, गप्प बस’ म्हणणाऱ्या मोठ्यांच्या नाकावर टिच्चून झालेल्या होत्या, हे मनातून जाईना.

काही पात्रांचे वय मात्र सरकवताच येत नाही, आणि तिथे चाहत्यांची गणिते मी मान खाली घालून मान्य करतो. आयर्न मॅन १९६३ च्या कॉमिक्समध्ये व्हिएतनाममध्ये जखमी झाला होता, २००८ च्या चित्रपटात तो अफगाणिस्तानात जखमी झाला. युद्ध बदलले, पात्र तसेच राहिले. दुसऱ्या महायुद्धातल्या कॅप्टन अमेरिकेला बर्फात ठेवलेले असल्याने तो कितीही वर्षांनी बाहेर काढता येतो. ‘एक्स-मेन’मधल्या मॅग्नेटो या खलनायकाचे तसे नाही. २००० सालचा ‘एक्स-मेन’ उघडतो तोच १९४४ च्या पोलंडमध्ये, छळछावणीच्या फाटकापाशी आईवडिलांपासून ओढून काढलेल्या मुलावर. हा मुलगा दुसऱ्या कोणत्याही दशकात जन्माला घालता येत नाही. पुढच्या मालिकेत मायकेल फासबेंडर १९६२ सालच्या कथेत तरुण एरिक, म्हणजे मॅग्नेटो, म्हणून शोभला. पण कथा १९७३, १९८३ करीत २०१९ च्या ‘डार्क फिनिक्स’मध्ये १९९२ ला येऊन पोहोचली, तेव्हा साठी ओलांडलेल्या एरिकच्या जागी चाळिशीतलाच फासबेंडर उभा होता. कथेतल्या कालप्रवासामुळे काळरेषा बदलली म्हणून असे झाले, असे उत्तर काही चाहते देतात. काळरेषा बदलली ती १९७३ पासून. एरिकचा जन्म त्याआधीचा आहे.

गंमत अशी की कॉमिक्सवाल्यांनी हा गुंता नकळत आधीच सोडवून ठेवला होता. १९७४ साली एका कथेत मॅग्नेटोचे चक्क तान्हे बाळ झाले, १९७७ साली त्याला पुन्हा ऐन तारुण्यात आणले गेले, आणि ऑशविट्झचा भूतकाळ त्यानंतर, १९८१ मध्ये, क्रिस क्लेअरमाँट यांनी जोडला. बाळ होण्याचा तो प्रकार वाचायला कमालीचा हास्यास्पद आहे. तरी निदान वयाचा हिशोब कुठेतरी मांडलेला आहे. चित्रपटांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी रात्री आम्ही ‘नो वे होम’ पाहिला, ज्यात तिन्ही पीटर एकत्र येतात. २०२१ साली तो आला तेव्हा मॅग्वायर ४६ वर्षांचा होता. लढाईपूर्वी त्याची पाठ धरलेली असते आणि गारफिल्ड त्याला मागून उचलून मणके मोकळे करून देतो. पुतण्या खो-खो हसला. मी सोफ्यावरून उठताना कंबरेला हात लावला, तो त्याने पाहिला आणि पुन्हा हसला. पत्नी तोवर झोपायला गेली होती. जाताना एवढेच म्हणाली होती की तिघांपैकी कोणाचीही असो, काकू तिला मरीसा टोमेच हवी.