घाटावरच्या दर्जा

वाईत काम निघालं की ढोल्या गणपतीची मागची भिंत बघितल्याशिवाय मी परतत नाही. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. मागची बाजू माशासारखी निमुळती, म्हणजे कृष्णेचा पूर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा. तेव्हाच्या गवंड्यांना पाण्याचं जेवढं कळत होतं, तेवढं आज अंदाजपत्रकं करणाऱ्यांना कळत नाही.

त्या दिवशी पाहणी होती नदीकाठच्याच एका लहान देवळाची. आत कमरेइतक्या उंचीपर्यंत लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीवर फुटलेले क्षार. बोट फिरवलं की पांढरी भुकटी. कारण बाहेरून दिसतच होतं. काळ्या दगडांमधल्या सगळ्या दर्जा, म्हणजे सांधे, सिमेंटनं गच्च भरलेल्या. आपला काळा दगड पाणी फारसं सोडत नाही. भिंतीच्या पोटातली ओल बाहेर पडते ती दर्जांमधल्या चुन्यातून. ती वाट बुजवली की ओल आतल्या गिलाव्याकडे वळते आणि सुकताना क्षार तिथे ठेवून जाते. चुन्याला वेळ लागतो हे खरं: कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवा, मुरवा, चुन्याच्या घाण्यात मळा, भरल्यावर ओल्या पोत्यांखाली जपा. निविदेत त्या दिवसांना जागाच नसते.

मी चिडून बोलत होते, "हात कसा धजला कुणाचा?"

माझ्याबरोबरचे गवंडी आबा शांतपणे म्हणाले, "म्याच भरल्यात ह्या, मॅडम. गावानं वर्गणी काढून सिमेंट आणलं हुतं. दिऊळ पक्कं हुईल वाटलं."

मला काही बोलता येईना. दर्जा इतक्या नेटक्या भरल्या होत्या की कुठे ओघळ नाही, दगडावर डाग नाही. चुन्याची कामं त्यांच्या वडिलांनी केलेली; आबांच्या हातात थापी आली तोवर सिमेंटच चांगलं, असं सगळेच सांगत होते. सांगणारे माझ्याच पेशातले.

चाचणीपुरती एक दर्जा उकलायची होती. छिन्नी आबांनीच धरली, अगदी हलक्या हातानं. सिमेंट सुटलं, पण दगडाची दोन बोटं रुंद कपची घेऊनच. आबांनी ती उचलली, जागेवर बसवून बघितली आणि कोनाड्यात ठेवली.

सगळं सिमेंट काढलं तर कडा जातील, ठेवलं तर लोणा चढत राहील. पोकळ वाजतंय तेवढंच काढावं, याकडे माझा कल आहे. अहवालातला तो परिच्छेद मी तीनदा खोडलाय. आबांचा काल फोन आला होता, चुन्याची कळी कधी भिजत घालायची म्हणून.