मधली जागा

घरी येऊन तास झाला. चहा गार झाला, तरी ती वहीच डोळ्यांपुढे आहे.

मधल्या सुट्टीनंतर वही बघायला म्हणून वर्गातल्या एका मुलाच्या शेजारी सतरंजीवर बसले. प्रत्येक ओळीतले मधले दोन-तीन शब्दच नाहीत, तेवढी जागा कोरी. रागवायला तोंड उघडलं आणि सहज फळ्याकडे पाहिलं. पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन फळ्यावर लखलखत होतं. मधलं एक अक्षर दिसेना.

"बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही म्हणायच्या ना, नीट बघ. मंग मी नीट बघायचो."

परवाच नोंदवहीत लिहिलंय मी, 'दुपारी लक्ष नसते.' पेनाने. वाटायचं, खिचडी खाऊन पेंगतो. सकाळचं लेखन पूर्ण, दुपारचं अर्धं, हे दिसत होतं की मला!

डी.एड.ला पाठ केलं होतं, उजेड मुलांच्या डाव्या अंगाने यावा, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. खिडकी डावीकडेच आहे. त्याच उजेडाने उजव्या भिंतीकडच्या मुलांचा फळा पुसून टाकला. आणि दिवाळीच्या सुट्टीत फळ्याला ऑइलपेंट लावून घेतला तो मीच, पदरचे पैसे घालून. चकचकीत दिसतो म्हणून फोटोही काढला.

दोन इयत्ता एका खोलीत, वर रोज ऑफिसला पाठवायच्या माहित्या. किती बघायचं एकटीने? २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकागणिक एक वर्गखोली आहे, ती मला मिळालीही. मुलाच्या जागेवर बसून बघ, हे कायद्याने सांगायला हवं होतं का? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात घेऊन गेल्या. मला चार पावलं जायचं होतं.

असो. शनिवारी पॉलिश पेपरने फळा घासून बिनचकाकीचा काळा रंग द्यायचा. तोवर दुपारचं लेखन मागच्या भिंतीच्या काळ्या पट्ट्यावर. सगळ्या कोपऱ्यांत बसून पाहिलं, तिथलं दिसतं. नोंद खोडून खाली सही केली.

शाळा सुटताना तो शेजारणीची वही घेऊन कोऱ्या जागा भरत होता. शब्द जवळजवळ नेमके मावत होते. जागा त्याने मोजून सोडली होती.